हापशाची दांडी वाऱ्याच्या हाती

भंडारा जिल्ह्यात पवनचक्की शोधायला निघालेला माणूस तलावापाशी जाऊन थांबेल. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव, वैनगंगेचं खोरं आणि धानाच्या बांध्या असा हा मुलूख. इथे पाणी उताराने शेतात येतं. ते वाऱ्याकडून ओढून घ्यायची गरज कुणाला पडली नाही. वाराही इथे तसा कंजूषच. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी नव्हे, एक-अष्टमांश उरते. म्हणून साताऱ्याच्या चाळकेवाडीला किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला जे जमतं, ते साकोली-लाखनीकडे जमत नाही.

तरीही पाणी उपसणारी जुनी, गंजलेली पवनचक्की उघडून पुन्हा चालती कशी करतात, हे भंडाऱ्याच्या माणसाला पटकन कळेल. त्या यंत्राचा जमिनीखालचा अर्धा भाग त्याच्या गावात आहेच. हापसा दुरुस्त होताना एकदा तरी बघा. पाइप एकेक करून वर येतात, तळाशी पितळी अस्तराचा सिलिंडर निघतो, त्यात पिस्टन, पिस्टनवर वॉशर, खाली झडप आणि दांडीपासून पिस्टनपर्यंत गेलेल्या लोखंडी सळया. पवनचक्कीखाली अगदी हीच मांडणी असते. फरक एवढाच की दांडी माणूस मारत नाही, वारा मारतो.

या हापशाच्या इतिहासातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1960च्या दशकात देशात बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेल्या पंपांच्या नकला होत्या. अख्खं गाव पाण्याला लागलं की ते मोडून पडत. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादाचा मजबूत पंप केला. सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश कारागिराने दांडी आणि सळई यांच्यामध्ये साखळी घातली, त्यामुळे सळई सरळ ओढली जाऊ लागली. या सोलापूर पंपावरूनच 1970च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला.

पवनचक्कीची गोष्ट याहून जुनी. 1854 मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल हॅलडे याने वाऱ्याकडे आपोआप तोंड वळवणारी आणि वादळात स्वतःला आवरणारी चक्की केली. पाती लाकडाची होती. पुढे थॉमस पेरी याने 1882-83 मध्ये वेगवेगळ्या चाकांवर पाच हजारांहून जास्त चाचण्या घेतल्या आणि बाक दिलेली पत्र्याची पाती लाकडी पात्यांपेक्षा कितीतरी जास्त काम करतात हे दाखवून दिलं. लोक त्याला हसले म्हणतात. पण 1888 मध्ये शिकागोत एरमोटर कंपनीने त्याच चाकाची चक्की बाजारात आणली आणि लाकडी चाकांचे दिवस भरले. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पंपाची चक्की घडवली, तर ऐंशीच्या दशकात केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा विभागाने बारा पात्यांच्या चक्क्या शेतांवर उभ्या केल्या. तोवर विजेची मोटर विहिरीपर्यंत पोहोचली होती. एक बटण दाबून मिळणाऱ्या पाण्यापुढे वाऱ्याची वाट पाहणारं यंत्र कोण सांभाळणार?

सोडून दिलेली अशी चक्की खाली उतरवणं धीराचं काम आहे. सगळ्यात आधी तिची शेपटी मिटवायची. खालची तार ओढली की शेपूट चाकाच्या बाजूला येतं, चाक वाऱ्याला कड देतं आणि ब्रेकचा पट्टा आवळतो. पण वर्षानुवर्षं पावसात राहिलेली तार हातात तुटून येऊ शकते, पट्टा कधीच गळून गेलेला असू शकतो. म्हणून अनुभवी माणूस ब्रेकवर विसंबत नाही. चाक दोराने मनोऱ्याला बांधल्याशिवाय वर हात घालत नाही. मग पंपाची सळई सोडवायची. पुष्कळ चक्क्यांत वरची सळई लाकडी असते. पंप अडकला तर आधी लाकूड तुटावं आणि वरची दातेचक्रं वाचावीत असा त्यामागचा विचार. घरातला फ्यूज हेच काम करतो.

चाक अखंड उतरत नाही. पाती तीन-तीनच्या गटांत बसवलेली असतात. एका बाजूचा गट काढला की चाक दुसरीकडे जड होऊन फिरू पाहतं, त्यामुळे समोरासमोरचे गट आळीपाळीने काढायचे आणि प्रत्येकावर पंचने खूण करायची. खूण केली नाही तर जोडताना चाक डगमगतं. बोल्ट गंजाने एकजीव झालेले असतात. रॉकेल किंवा डिझेल मारून रात्रभर सोडायचं, पान्याने आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. तरीही नाही हललं तर नट तापवायचा. त्यालाही दाद दिली नाही तर छिन्नीने फोडायचा. नट नवा मिळतो, बोल्टभोवतीचं ओतकाम नवं मिळत नाही.

दातेचक्रांची पेटी सगळ्यात जड. ती चेन-पुलीने खाली घेतात. झाकण उघडल्यावर काय दिसेल सांगता येत नाही. गोंदासारखं झालेलं तेल, त्यात साचलेलं पाणी, कधी गांधीलमाशीचं पोळं. आत दोन लहान पिनियन दोन मोठी चक्रं फिरवतात, त्यांच्या दोन दांड्या एकत्र सळई उचलतात. एरमोटरमध्ये चाकाच्या सुमारे सव्वातीन फेऱ्यांना सळई एकदा वर-खाली होते, म्हणूनच मंद वाऱ्यातही ती खोल विहिरीतलं पाणी खेचते. 1915 पासून या पेटीतली चक्रं तेलात बुडालेली असतात. त्याआधी दर आठवड्याला कुणालातरी चढून तेल घालावं लागे.

खरी कारागिरी बेअरिंगची. जुन्या चक्क्यांत गोळ्यांचे बेअरिंग नसतात, व्हाइट मेटल ओतलेलं असतं. ऑइल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना हे नाव पाठ आहे. झिजलेला धातू वितळवून काढायचा, शाफ्ट जागेवर मधोमध टेकवायचा, त्यावर ज्योतीची काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही, कडा मातीने बंद करायच्या आणि तापवलेल्या घरात एकाच दमात ओतायचं. मध्ये थांबलं की थर पडतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पितळेसाठी नाव कमावलेल्या भंडाऱ्यात ओतकामाचा हा नियम नव्याने शिकवावा लागणार नाही. सिलिंडरच्या पितळी अस्तरावर रेघा पडल्या असतील तर तेही लेथवर घासून किंवा नवं बसवून होतं. चामड्याचे वॉशर तेलात मुरवून घातले की झालं.

गंजाच्या बाबतीत मात्र घाई करणारेच जास्त. बाकदार पात्यांवरचं जस्त अजून धरून असेल तर वाळूचा मारा करू नये. गंजाबरोबर जस्तही जातं आणि पुढे पत्रा लवकर गंजतो. वायर ब्रश, पाणी आणि सबुरी पुरते. चकचकीत लाल-निळा रंग देऊन बागेत उभ्या केलेल्या चक्क्या मला तरी खेळण्यासारख्या वाटतात. पंप जोडलेला नसेल तर निम्मं यंत्र हरवलेलंच आहे.

पुन्हा उभारताना मनोरा ओळंब्यात आहे का ते आधी पाहावं. तो कलला असेल तर चाक वाऱ्याकडे न वळता कलत्या बाजूला ओढलं जातं आणि दोष पेटीवर येतो. तेल भरून चाक हाताने फिरवावं, सळई अडत नाही याची खात्री करावी, मगच शेपूट उघडावं. एवढं झाल्यावर चक्कीची मागणी फारच कमी असते, वर्षातून एकदा तेल बदलायचं. ते बदलायला कुणी वर चढायचं, हे चाक वर चढवायच्या आधी ठरवून घ्यावं.