बालेवाडीच्या पलटणीचं वर्ष

आमच्या इंदापुरात डिसेंबरात ऊसतोड ऐन भरात असते. 2023 साली मात्र रात्री जेवणं उरकली की टीव्हीपुढं प्रो कबड्डी. 12 संघ, प्रत्येकाच्या 22 लढती. तेव्हा जिंकलं तर 5 गुण मिळायचे, बरोबरीला 3, सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी 1. पुणेरी पलटणनं 17 जिंकल्या, हरल्या फक्त दोन! 96 गुणांनी अव्वल. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या नगर जिल्ह्यातला.

1 मार्च 2024, हैदराबाद, अंतिम सामना, समोर हरियाणा. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चौघांना टिपलं, तिथंच सामना फिरला. आमच्या म्हाताऱ्यानं पटका उडवला. 28-25. पलटणचं हे पहिलंच विजेतेपद. माझ्या मते तो संघ चढाईपेक्षा बचावावर जिंकला.