जाहिरात नसती तर?

२०१४ साली डेटाविज्ञानाच्या स्पर्धा भरवणाऱ्या कॅगल या संकेतस्थळावर दोन स्पर्धा जवळपास एकाच वेळी चालू होत्या. एक जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत चालणाऱ्या ॲटलास प्रयोगातल्या शास्त्रज्ञांची: सिम्युलेशनमधल्या लाखो टकरींतून हिग्ज बोसॉन या कणाच्या खुणा वेगळ्या काढा. दुसरी क्रिटिओ या फ्रेंच जाहिरात कंपनीची: जाहिरातीवर क्लिक होईल का, ते आधीच सांगा. जिनिव्हाहून जाहिरातक्षेत्रात गेलेल्या आम्हा काही जणांच्या वाटचालीचा नकाशा त्या दोन स्पर्धांत आयता मिळतो.

हिग्ज सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ची. पुढच्या फेब्रुवारीत एलएचसी, म्हणजे सर्नचा प्रोटॉनच्या टकरी घडवणारा वेगवर्धक, दोन वर्षांसाठी बंद झाला. मी तिथल्या सीएमएस या दुसऱ्या प्रयोगावर पोस्टडॉक होतो. पीएचडी झालेले खूप आणि कायमच्या जागा मोजक्या, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

मी जाहिरातक्षेत्रात आलो. सुरुवातीला नवं काम ओळखीचं वाटलं. एलएचसीच्या आराखड्यानुसार प्रोटॉनचे झुबके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांना भिडतात. ट्रिगर ही चाळणी करणारी यंत्रणा त्यांतल्या हजारभर घटना ठेवते, बाकीच्या कायमच्या जातात. हिग्ज तयार होतो तो सुमारे १०० कोटी टकरींमागे एकदा. इकडे पान उघडताच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागात बोली लावावी लागते. शंभर वेळा जाहिरात दाखवून एक क्लिकही अनेकदा मिळत नाही. सर्नमधलं रूट हे सॉफ्टवेअर मागे पडलं, पायथन आलं; बूस्टेड डिसिजन ट्री ही वर्गीकरणाची पद्धत मात्र दोन्हीकडे तीच.

फरक कळायला वेळ लागला. तो बॅकग्राउंडचा, म्हणजे सिग्नलसारख्या दिसणाऱ्या पण सिग्नल नसलेल्या घटनांचा होता. हा माणूस नक्की खरेदी करणार, असं मॉडेल ज्याच्याबद्दल छातीठोक सांगतं, तो बहुतेकदा आधीच खरेदीला निघालेला असतो. त्याला जाहिरात दाखवून विक्रीचं श्रेय घेणं म्हणजे बॅकग्राउंडलाच सिग्नल म्हणणं. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांचा २०१५चा शोधनिबंध म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. ईबेने स्वतःच्याच नावाच्या शोधावर दिसणाऱ्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर त्या जाहिरातींवरून येणारे जवळजवळ सगळे लोक शोधनिकालातल्या फुकटच्या दुव्यांवरून ईबेवर आलेच.

असा प्रयोग आम्हाला सर्नमध्ये कधीच करता आला नसता. निम्म्या टकरींसाठी हिग्ज बंद ठेवता येत नाही. बॅकग्राउंडचा अंदाज सिम्युलेशनमधून आणि शेजारच्या वस्तुमानपट्ट्यांतून बांधावा लागतो, त्यात वर्षं जातात. जाहिरातीत काही लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून जाहिरात दाखवायचीच नाही, एवढं केलं की उत्तर हाती येतं. तरीही हे क्वचितच केलं जातं, कारण त्या लोकांकडून होऊ शकणारी विक्री सोडायला कुणी तयार नसतं. या एका गोष्टीसाठी मी बैठकांमध्ये सर्वांत जास्त भांडलो आहे.

दुसरं भांडण घाईशी. डिसेंबर २०१५मध्ये ॲटलास आणि सीएमएस, दोघांच्याही आलेखात ७५० जीईव्ही वस्तुमानापाशी नव्या कणाची खूण वाटावी असा उंचवटा दिसला. सिद्धान्त मांडणाऱ्यांनी शेकडो निबंध लिहिले; ऑगस्ट २०१६पर्यंत नवा डेटा आला आणि उंचवटा विरून गेला. शोध जाहीर करायला पाच सिग्मा का लागतात, ते अशा वेळी समजतं: केवळ योगायोगाने एवढं दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक. जाहिरातीत विसांत एक चालते, आणि वर रोज आकडा बघून तो अनुकूल दिसेल त्या दिवशी चाचणी थांबवतात. त्यामुळे चाचणी किती दिवस चालणार, हे ती सुरू होण्याआधी लेखी ठरवायचं, असा आग्रह मी धरला. सर्नमध्ये पद्धत पक्की होईपर्यंत सिग्नलचा भाग झाकून ठेवायचो, त्याचंच हे रूप.

प्रोटॉनची मोजदाद करताना त्याची परवानगी लागत नाही. माणसाची लागते. मे २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. आमच्या नोंदी त्यामुळे कमी झाल्या, मॉडेल थोडी दुबळी झाली. तो कायदा मला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो.

एक उणीव अजून भरलेली नाही. कणभौतिकीत काही सापडलं नाही तरी निबंध होतो: अमुक कण असलाच तर त्याचं प्रमाण या मर्यादेच्या आत, ९५ टक्के विश्वासपातळीवर. जाहिरातीत निष्फळ ठरलेल्या चाचणीचा अहवाल बहुधा लिहिलाच जात नाही, आणि दोन वर्षांनी नवी माणसं तोच खर्च पुन्हा करतात. माझ्या गटात आता असे अहवालही लिहिले जातात, वरच्या मर्यादेसकट.