हँडल मारूनही इंजिन सुरू होत नाही? आधी हे तपासा



गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी द्यायचे असते. त्या वेळी मुकुटमुळे फुटतात. ते पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती कसर भरून निघत नाही. विहिरीत पाणी आहे, माणूस आहे, डिझेल आहे, पण इंजिन काही पेट घेत नाही, अशी वेळ नेमकी तेव्हाच येते. वीज आणि सौर पंप पुष्कळ ठिकाणी पोचले असले तरी ओढ्याकाठी, लांबच्या रानात अजून डिझेल इंजिनावरच भिस्त आहे.

इंजिन फिरते पण सुरू होत नाही, म्हणजे ते बिघडलेच असे समजू नका. अनेकदा दोष लहान असतो. तो ओळखायचा कसा, हे क्रमाने पाहू.

इंजिनाला काय लागते?

मोटारसायकलला प्लग असतो, तो ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनाला प्लग नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते. दाबामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा धुक्यासारखा फवारा मारतो आणि तो आपोआप पेटतो. म्हणजे गोष्टी तीनच: स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पक्का दाब. यांपैकी एक कमी पडले की तुम्ही हँडल मारून दमता, इंजिन मात्र ढिम्म.

आधी धूर बघा

चार-पाच वेळा जोरात हँडल मारा आणि सायलेन्सरकडे बघा.

धूर अजिबात नाही, तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येतो, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. तिथे हवा, दाब किंवा थंडी यांत दोष शोधा. एवढ्यावरून निम्मे काम होते.

धूर नसेल तर

१. टाकीत डिझेल आहे का? तोटी उघडी आहे का? टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र मातीने बुजले आहे का? छिद्र बुजले की डिझेल उतरत नाही.

२. इंजिन बंद करायचा लिव्हर जागेवर परत आला आहे का? काल बंद केलेला लिव्हर तसाच अडकून राहतो आणि आपण आज तासभर हँडल मारत बसतो. हसू नका, असे होते!

३. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल वाटीत घ्या. तळाला पाणी दिसते का बघा. बोटावर चोळा. डिझेल बुळबुळीत लागते, पाणी लागत नाही. पाणी असेल तर टाकी आणि फिल्टर रिकामे करून स्वच्छ करा.

४. इंजिनाने हवा धरली आहे का? टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवले किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून पंप नुसता हवाच दाबत बसतो. हवा काढायची ती टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तसेच करा. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल फिरवा. डिझेल आले की नट आवळा.

५. आता हेडवरचा दाब मोकळा करणारा खटका उघडा ठेवून हँडल फिरवा आणि कान द्या. दर दोन फेऱ्यांना एकदा 'कर्र' असा आवाज आला पाहिजे. हा नोझलचा आवाज. तो आला तर फवारा बसतो आहे. हवा काढूनही आवाज नाही, तर नोझल किंवा पंप फिटरकडे न्या. पंपाखालचे पातळ पत्रे मात्र हरवू नका. त्यांवर फवाऱ्याची वेळ ठरते. जितके निघाले तितकेच परत बसले पाहिजेत.

पांढरा धूर येत असेल तर

१. एअर क्लीनर काढून बघा. धुळीने गच्च झाला असेल तर साफ करा, तेलाचा असेल तर तेल बदला. सायलेन्सरच्या तोंडात माशांनी मातीचे घर केले आहे का, तेही बघा. पावसाळाभर पडून राहिलेल्या इंजिनात हे हमखास सापडते.

२. दाब तपासा. बंद करायचा लिव्हर 'बंद'वर ठेवा, खटका मिटवा आणि हँडल सावकाश फिरवा. एका जागी ते जड होऊन मागे ढकलले गेले पाहिजे. सहज फिरत राहिले तर दाब गळतो आहे. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना वरचे कव्हर काढून पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. फिरत नसेल तर टॅपेटला गॅप उरलेला नाही. इंजिन थंड असताना कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तो गॅप ठेवा.

३. टॅपेट ठीक असेल तर हवा आत येते त्या वाटेने एक चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा फिरवा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. हे काम फिटरचेच. ऑइल एका चमच्यापेक्षा जास्त ओतू नका.

४. कडाक्याच्या थंडीत ऑइल घट्ट होते, इंजिन जड फिरते, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. पाण्यावर थंड होणारे इंजिन असेल तर त्यात कोमट पाणी घाला. उकळते नको.

माझ्या घरची गोष्ट

मी बी.एस्सी. ॲग्रीला असताना वडिलांच्या शेतात असेच झाले. गहू वीस दिवसांचा, आणि इंजिन सुरू होईना. मी पुस्तक वाचलेला! नोझलच खराब, असे ठासून सांगितले. काढला, तालुक्याला नेला, तपासला. नोझल उत्तम. तीन दिवस गेले. शेवटी शेजारचे आबा आले. त्यांनी फिल्टरचा स्क्रू सैल केला, दोन बोटे चोळली आणि म्हणाले, "पोरा, हे डिझेल न्हाई, पाणी हाय." बॅरलचे बूच उघडे राहून अवकाळी पाऊस आत गेला होता. तासाभरात इंजिन चालू झाले. पण पाणी उशिरा गेले ते गेलेच. त्या वर्षी गहू विरळ निघाला. वडील काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी पाना हातात घेण्याआधी डिझेल बोटावर चोळून बघतो.

हे मात्र कधीही करू नका

* हवेच्या वाटेत पेटते फडके धरू नका, पेट्रोल ओतू नका.
* नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. धार कातडी फोडून आत शिरते. तसे झालेच तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात जा.
* हँडलला अंगठ्याचा वेढा घालू नका. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका आला तर मनगट मोडते. धोतराचा सोगा, पदर, मफलर आवरून घ्या.
* विहिरीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आतला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग दुसऱ्याने उतरू नये. असे एकामागोमाग जीव गेले आहेत.

थोडी काळजी आधीच घ्या

बॅरल सावलीत, झाकून ठेवा. डिझेल भरल्यावर एक दिवस स्थिर राहू द्या आणि तळाचे चार बोटे डिझेल इंजिनात घालू नका. टाकीत ओतताना गाळून ओता. हंगाम संपला की सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. आणि पाणी द्यायच्या आदल्या दिवशी इंजिन पाच मिनिटे चालवून बघा. दोष असेल तर तो त्या दिवशी कळावा, पाण्याच्या दिवशी नव्हे.

रेडिओवर ऐकलेले विसरायला होते. म्हणून हे पत्रक इंजिनघरात खिळ्याला अडकवून ठेवा, आणि घरातल्या पोरासोरांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.