बोलण्याने माणूस बदलतो कसा?

मावळात, लोणावळ्यास, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले आणि योगाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासले. मनाचा शोध घेणारी मनोविश्लेषणाची संस्था कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच काढली होती. या उपचाराचे साधन केवळ बोलणे व ऐकणे. एवढ्याने माणूस बदलतो कसा?

वडिलांच्या धाकात वाढलेला मुलगा पुढे साहेबासमोरही थरथरतो. ‘भिऊ नकोस’ हा आपला उपदेश त्याला पाठच असतो. उपचार करणाऱ्यापुढेही तो तसाच बिचकतो. जुन्या नात्यातील भावना अशी नव्या नात्यात उतरते, हे फ्रॉइडने ओळखले. येथे मात्र समोरचा रागावत नाही. ही भीती कोठली, हे दोघे मिळून शोधतात. असे पुनःपुन्हा घडले, म्हणजे तिची पकड सैल होते. यास महिने, कधी वर्षेही लागतात. तोवर आपण घरच्यांनी घाई करू नये.