सुपर परत येईपर्यंत धिस नाही : जावास्क्रिप्टमधला वारसा आणि कन्स्ट्रक्टरचा क्रम

मागच्या भागात आपण प्रोटोटाइपची साखळी पाहिली. आज त्याच साखळीवर उभे असलेले क्लास घेऊ. एक्स्टेंड्स लिहिलं की वारसा मिळतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण न्यू म्हटल्यावर ऑब्जेक्ट नेमकं कोण घडवतं आणि त्यात माल कोणत्या क्रमानं भरला जातो, हे विचारलं की वर्गात शांतता पसरते. आज तो क्रम पक्का करू. तो माहीत नसेल तर प्रोग्राम कुठेही न अडखळता चुकीचा हिशोब करत राहतो.

आधी थोडा इतिहास. क्लास, एक्स्टेंड्स आणि सुपर हे शब्द भाषेत वापरात आले २०१५ साली, एक्मास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीत. क्लासच्या आत थेट फील्ड लिहायची सोय प्रमाण भाषेत आली २०२२ साली. त्याआधी सगळा कारभार फंक्शनवर चालायचा. न्यू म्हटलं की चाइल्डच्या फंक्शनसाठी रिकामं ऑब्जेक्ट तयार व्हायचं आणि चाइल्ड ते पॅरेंटच्या हातात द्यायचा : घे, यात तुझा भाग भर.

ही पद्धत अ‍ॅरेपाशी अडायची. अ‍ॅरेच्या फंक्शनला असं ऑब्जेक्ट दिलं तरी तो त्याकडे बघतच नाही, स्वतःचा नवा अ‍ॅरे करून परत देतो. मग आपल्या ऑब्जेक्टला, पाचवा घटक टाकल्यावर लांबी आपोआप पाच होणं, हे अ‍ॅरेचं खास वागणं मिळणार कुठून? म्हणून नव्या क्लासमध्ये क्रम उलटा केला. ऑब्जेक्ट घडवतो साखळीतला सर्वांत वरचा पॅरेंट. चाइल्डला ते मिळतं सुपरचं काम संपल्यावर.

हे एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या आधी धिसला हात लावला तर रेफरन्स एरर येते, कारण धिस अजून जन्मलेलाच नाही. कन्स्ट्रक्टर लिहिला आणि सुपर विसरलात, तरी ऑब्जेक्ट करताना तीच एरर. सुपर दोनदा बोलावलं, तरी तीच. मात्र कन्स्ट्रक्टर लिहिलाच नाही तर काळजी नाही. भाषा स्वतःच एक कन्स्ट्रक्टर धरून चालते आणि आलेली सगळी मूल्यं तशीच पॅरेंटकडे पाठवते. आणखी एक बघा. सुपरच्या आधी काहीच लिहायचं नाही, असं नाही. धिसला न शिवता आलेली मूल्यं तपासा, आकडेमोड करा, चालतं.

आता क्रम लिहून घ्या :

१. पॅरेंटची फील्ड भरली जातात.
२. पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधल्या ओळी चालतात.
३. सुपर परत येतं, लगेच चाइल्डची फील्ड भरली जातात.
४. चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरमधल्या सुपरनंतरच्या ओळी चालतात.

दुसरी आणि तिसरी पायरी यांच्यामध्ये खड्डा आहे. उदाहरण घेऊ. तिकीट नावाचा क्लास. त्याचा कन्स्ट्रक्टर मूळ दर घेतो, साठवतो आणि लगेच हिशोब ही मेथड बोलावून भाडे ठरवतो. सवलत-तिकीट हा त्याचा चाइल्ड. त्यात सवलत नावाचं फील्ड, किंमत ०.५. चाइल्डनं हिशोब ही मेथड आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहिली आहे : मूळ दर गुणिले, एक वजा सवलत. दर २०० दिला, तर भाडे १०० यायला हवं.

येतं नॅन. म्हणजे 'हा आकडाच नव्हे'.

का? ऑब्जेक्ट पॅरेंटनं घडवलं खरं, पण त्याचा प्रोटोटाइप पहिल्यापासून चाइल्डचाच असतो. म्हणून पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरनं हिशोब म्हटलं की चाइल्डचा हिशोब चालतो. तेव्हा आपण असतो दुसऱ्या पायरीवर, आणि सवलत भरली जाणार तिसऱ्या पायरीवर. एक वजा अनडिफाइन्ड, उत्तर नॅन.

यात एरर येत नाही, हे जास्त वाईट. भाडे ५०० पेक्षा जास्त आहे का, असं विचारलं तर उत्तर नाही. कमी आहे का, तरीही नाही. म्हणजे 'जास्त असेल तर अडवा' अशी तपासणी हे तिकीट आरामात पार करतं. बेरजेत मिसळलं की सगळी बेरीज नॅन. जेसन करून सर्व्हरला पाठवलं की त्याचं नल होतं. चूक झाली एका जागी आणि दिसते तिसऱ्याच जागी.

दुसरा खड्डा याच क्रमातून येतो. पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरनं नाव भरलं. चाइल्डमध्ये कुणी केवळ वाचणाऱ्याला कळावं म्हणून नाव हे फील्ड पुन्हा लिहिलं, किंमत न देता. तिसऱ्या पायरीवर ते फील्ड नव्यानं तयार होतं, त्यात अनडिफाइन्ड बसतं आणि भरलेलं नाव पुसलं जातं. टाइपस्क्रिप्टमध्ये अशा ठिकाणी डिक्लेअर हा शब्द लावतात, तो यासाठीच.

इतर भाषांतून आलेल्यांसाठी एक तुलना. सी प्लस प्लसमध्ये पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना पॅरेंटचीच मेथड चालते. जावामध्ये आपल्यासारखी चाइल्डची चालते, पण न भरलेलं संख्येचं फील्ड तिथे शून्य असतं. म्हणजे आपलं तिकीट तिथे सवलतीशिवाय पूर्ण २०० रुपयांचं निघेल. तीही चूकच, फक्त खरी वाटणारी.

मग करायचं काय? पहिला उपाय : चाइल्ड बदलू शकेल अशी मेथड पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नका. कन्स्ट्रक्टरनं मूल्यं साठवावीत, एवढंच. दुसरा : भाडे हा गेटर करा, म्हणजे कुणी विचारेल तेव्हा हिशोब होईल आणि तोवर सगळी फील्ड भरलेली असतील. तिसरा : सवलत सुपरलाच द्या आणि पॅरेंटला हिशोबाआधी ती साठवू द्या. मग चाइल्डमध्ये तिचं वेगळं फील्ड ठेवू नका. शिवाय सवलतीसारखं मूल्य चाइल्डमध्येच ठेवायचं असेल तर ते हॅश लावून प्रायव्हेट फील्ड करा. खड्डा त्यानं बुजत नाही, पण वेळेआधी वाचलं की टाइप एरर येते आणि चूक जागच्या जागी सापडते.

आता घरचा अभ्यास. आजोबा, वडील, मुलगा असे तीन क्लास लिहा. प्रत्येकाच्या एका फील्डमध्ये आणि कन्स्ट्रक्टरमध्ये कन्सोलवर एकेक ओळ छापा. दोन्ही चाइल्डमध्ये कन्स्ट्रक्टरमधली ओळ सुपरनंतर ठेवा. चालवण्याआधी सहा ओळींचा क्रम कागदावर लिहा आणि मग ताडून बघा. नंतर मुलाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या आधी सातवी ओळ टाका. ती कितव्या क्रमांकावर छापली जाईल आणि का, याचं उत्तर तयार ठेवा. पुढचा भाग आपण तिथूनच सुरू करू.