उमेदवाराचा स्वभाव आणि अण्वस्त्रांची कळ

अमेरिकेच्या १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत धोरणांइतकाच स्वभावही गाजला. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर फटकळ. अण्वस्त्रांविषयीही ते बेधडक बोलत. हा माणूस रागाच्या भरात कळ दाबेल, ही धास्ती त्यांचे प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने पुरेपूर वापरली. ७ सप्टेंबरला दूरचित्रवाणीवर एक जाहिरात झळकली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या खुडत, चुकत-अडखळत आकडे मोजते. मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते आणि तिच्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीतून अणुस्फोट उसळतो. गोल्डवॉटर यांचे नावही त्यात नव्हते. जाहिरात म्हणून ती एकदाच लागली. देशभर पोहोचवली बातम्यांनी.

‘फॅक्ट’ या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारणा केली. उत्तर देणाऱ्या २,४१७ पैकी १,१८९ जणांनी गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदासाठी अपात्र ठरवले, तेही न तपासता. हा सरळसरळ अन्याय होता. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा दावा जिंकला. १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्यक्ष तपासणीशिवाय असे मत जाहीर करणे नियमबाह्य ठरवले.

जॉन्सन ४४ राज्ये जिंकून निवडून आले. पण मतदारांना जे सबुरीचे वाटले, त्यांच्या मनात व्हिएतनामचे युद्ध हरल्याचा ठपका येण्याची भीती घर करून होती. मार्च १९६५ मध्ये त्यांनी व्हिएतनाममध्ये लढाऊ पलटणी उतरवल्या. १९६८ मध्ये तेथील अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांवर गेली.