खाणीतली पोकळी भरायची कशी?

हिंगोलीच्या परिसरात विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. मग सुरुंग लावायचे, फुटलेला दगड यारीने वर काढायचा, पाणी लागले की पंप बसवायचा. भूमिगत खाणीतील निम्मी कामे आपण या विहिरीत पाहिलेलीच असतात. फरक इतकाच, की विहीर तळाशी संपते. खाणीचे खरे काम तेथून आडवे सुरू होते.

अशी खाण आपल्या राज्यात पाहायची तर भंडारा जिल्ह्यातील चिखला किंवा नागपूर जिल्ह्यातील कांद्री, गुमगाव येथे जावे लागेल. तेथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या मँगॅनीजच्या भूमिगत खाणी आहेत. लोखंडाच्या का नाहीत, असे तुम्ही विचाराल. गडचिरोलीतील सुरजागडसारख्या ठिकाणी लोहधातुक डोंगरावरच आहे. ते वरूनच खणता येते. जमिनीत खोल गेलेल्या धातुकासाठीच बोगद्यांचा खटाटोप करावा लागतो.

मँगॅनीज धातुकाचा थर या भागात बहुधा तिरपा उतरत जातो. फळीवर कलते ठेवलेले पुस्तक डोळ्यांपुढे आणा. पुस्तकाच्या वरच्या अंगाला असलेल्या खडकाला खाणीत ‘हँगिंग वॉल’ म्हणतात, खालच्या अंगाच्या खडकाला ‘फूटवॉल’. उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, सामान्यतः फूटवॉलमध्ये खणतात. धातुक काढून घेतल्यावर आधार जातो तो वरच्या अंगाचा; शाफ्ट त्या बाजूला असला तर तोच खचायचा! शाफ्टमधून ठराविक खोलीवर, उदाहरणार्थ दर ३० मीटरांवर, आडवे बोगदे काढून थरापर्यंत नेतात. या मजल्यांना ‘लेव्हल’ म्हणतात. एकच लिफ्ट असलेली अनेक मजली इमारत जमिनीत उलटी बांधावी, तशी ही रचना असते.

दोन लेव्हलमधील धातुक मात्र खालून वर काढत जातात. कारण साधे आहे. छतात भोके पाडून सुरुंग उडवले की धातुक आपोआप खाली पडते. ते उतरत्या नळीत लोटले की खालच्या लेव्हलवरील डब्यात जाऊन पडते. तेवढे काम गुरुत्वाकर्षण फुकट करते. शाफ्टमधून वर खेचण्याचे काम तेवढे विजेच्या मोटारीला आणि तारेच्या दोराला करावे लागते.

एक काप काढला की दोन-अडीच मीटर उंचीची पोकळी उरते, आणि खरी चिंता येथे सुरू होते. खडकाची घनता पाण्याच्या २.७ पट धरा. ३०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर वरच्या खडकाचा ३०० × २.७ = ८१० टन भार असतो. पोकळी केली म्हणून हा भार नाहीसा होत नाही. तो दोन्ही बाजूंच्या खडकावर सरकतो. तो खडक तडकला, तर खाली काम करणाऱ्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून छतात पोलादी बोल्ट ठोकतात आणि पोकळीत वाळू भरतात. वाळू पाण्यात कालवून नळातून खाली सोडली की ती स्वतःच्या वजनानेच उतरते. पाणी झिरपून जाते, वाळू घट्ट बसते. मग कामगार त्या वाळूवर उभे राहून छताचा पुढचा काप काढतात. वाळूचा टेकू कसला, असे वाटेल. पुठ्ठ्याच्या नळीचे एक तोंड पातळ कागदाने बांधा, नळीत वीतभर वाळू भरा आणि वरून काठीने दाबून पाहा. कागद सहसा फाटत नाही. वाळूचे कण एकमेकांत अडकतात आणि दाब नळीच्या भिंतींवर जातो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

झिरपलेले पाणी वर काढताना विहिरीचा एक धडा उपयोगी पडतो. काठावरचा पंप सुमारे १० मीटरांपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही, कारण पाणी वर लोटणारा हवेचा दाब तेवढाच असतो. खाणीत पंप तळाशीच बसवून पाणी वर ढकलतात. ३०० मीटरांसाठी सुमारे ३० वातावरणांचा दाब लागतो. हवेसाठी दोन वाटा हव्यात. एकीने ताजी हवा आत येते. दुसरीच्या तोंडाशी मोठा पंखा बसवून सुरुंगाचा धूर आणि उष्ण हवा बाहेर ओढतात.

पोकळी भरली नाही तर? स्वीडनमधील किरुना येथे जगातील एक सर्वांत मोठी भूमिगत लोहखाण आहे. धातुकाचा थर सुमारे ४ किलोमीटर लांब, सरासरी ८० मीटर जाड आणि सुमारे ६० अंशांनी कललेला आहे. एवढी पोकळी भरण्याचा खर्च लोहधातुकाच्या भावात परवडत नाही. म्हणून तेथे मुद्दाम वरचा खडक ढासळू देतात आणि धातुक खालून काढत राहतात. या पद्धतीत माणसांना उघड्या पोकळीत जावे लागत नाही, ही जमेची बाजू. पण भेगा हळूहळू जमिनीवर पोचतात. किरुना शहर हँगिंग वॉलच्या बाजूला वसलेले असल्याने त्याचे केंद्र सुमारे ३ किलोमीटर दूर हलवावे लागले. तेथले १९१२ मधील लाकडी चर्च, वजन ६७२ टन, ऑगस्ट २०२५ मध्ये न मोडता, चाकांच्या गाड्यांवर ठेवून, दोन दिवसांत ५ किलोमीटर नेण्यात आले.